घर नुहुंगचं, जमीन हाजींची

लाजारे वस्तीत त्रेसष्ट घरं आहेत आणि त्यांतली निम्मी तरी आज जिथे उभी आहेत तिथे जन्मलेली नाहीत. सगळी लाकडी, खांबांवर उभी, खालून माणूस न वाकता जाईल एवढी उंच. खांब जमिनीत पुरायची इथे पद्धत नाही. दगडांवर नुसते टेकवायचे. त्यामुळे लाजारेतलं घर लग्नाला आलेल्या व्याह्यासारखं असतं. बसलेलं दिसतं, पण मान राखला नाही तर कधीही उठेल. भावाभावांचं बिनसलं, तळ्याचं पाणी लागोपाठ दोन वर्षं शिडीवर चढलं, किंवा सुनेचं शेजारणीच्या कोंबड्यांशी जमेना, की इथली माणसं घर सोडून जात नाहीत. घर घेऊन जातात.

घर आणि जमीन या इथे दोन वेगळ्या वस्तू. घर एकाचं, जमीन दुसऱ्याची, जमिनीवरचा नारळ तिसऱ्याचा आणि नारळाला बांधलेली शेळी चौथ्याची, असं असलं तरी त्यात कुणाला गुंता वाटत नाही. गुंता होतो तो हे सगळं कागदावर लिहायला घेतलं की.

या घरांना चालवायचं काम चौतीस वर्षं ला नुहुंगकडे होतं. चालवायचं म्हणजे हाक द्यायची. घराच्या खांबांना आडवेउभे बांबू करकचून बांधायचे, शंभरेक माणसांनी त्याखाली खांदे घालायचे आणि पुढे उभं राहून एकानं त्या शंभरांचा मिळून एक माणूस करायचा. तो करणारा नुहुंग. अंगकाठी अशी, की वारा सुटला तर त्यालाच कुणीतरी धरावं. पण छातीत आवाज होता. तळ्यापलीकडची बदकंसुद्धा त्याच्या हाकेवर पाऊल उचलतात, असं लोक म्हणत. बदकांना कुणी विचारलं नव्हतं.

हाकेच्या जोडीला त्याच्या हातात एक लाल पंचा असे. शंभर माणसं धापा टाकायला लागली की शब्द ऐकू येत नाहीत, रंग मात्र दिसतो. पंचा उजवीकडे झुलला की उजवीकडे, डावीकडे झुलला की डावीकडे. दोन्ही हातांत आडवा ताणून धरला की विश्रांती. मग टेकू घेऊन बरोबर चालणारी माणसं बांबूंखाली टेकू सारत. घर टेकूंवर विसावे, खांब अधांतरी राहत, लोक पाणी पीत. आणि पंचा जमिनीवर टाकला, की घर पोचलं. मग खांब खाली येत, घराची मालकीण मधल्या खांबावर हात ठेवी आणि वस्तीतली सगळ्यांत म्हातारी बाई त्या खांबावर साळीच्या लाह्या उधळी. मधला खांब म्हणजे घराची बेंबी. बेंबीला लाह्या मिळाल्या की घर जेवलं, आणि जेवलेल्या घराला वर्षभर उठवायचं नाही. उठवलं तर उठवणाऱ्यांच्या घरची ठरलेली लग्नं मोडतात. लाजारेत कुणाच्या घरी लग्न ठरलेलं नाही असं कधी नसतं.

नुहुंगनं अशी एकशे बारा घरं हलवली. एकदा एक आजीबाई शिडी उतरायलाच तयार होईना, तर तिला कॉफीच्या पेल्यासकट घरात बसवून घर भातखाचरापलीकडे नेलं. पेल्यातला थेंब सांडला नाही, ही गोष्ट तालुक्यापर्यंत पोचली. नुहुंगला कुणी विचारलं तर तो सांगे, "अर्धा पेला सांडला होता. पण आजी भली बाई होती, उरलेला आधी पिऊन टाकला आणि रिकामा पेला दाखवला."

या कामाला पैसे नसत. खांदा देणाऱ्यालाही नसत आणि हाक देणाऱ्यालाही नसत. तळून ठेचलेली केळी, मिरचीचा ठेचा, कॉफी आणि जेवायला तळ्यातला मासा, एवढ्यावर शंभर माणसं येत. एकदा शहरात राहून आलेल्या एकानं मजुरी देऊ केली होती. नुहुंगनं पंचा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "मजुरीनं उचललं तर ते सामान होईल. घर हलवायचं असेल तर सांग, शुक्रवारी नमाज झाल्यावर येतो."

या माणसाला स्वतःची जमीन नव्हती.

म्हणजे होती. बापाच्या खाचराचे चार भावांत चार तुकडे झाले तेव्हा एक पट्टी त्याच्या वाट्याला आली. तीत आडवं झोपलं तर पाय थोरल्याच्या भातात आणि डोकं धाकट्याच्या, अशी. ती त्यानं धाकट्याला देऊन टाकली. लग्नात सासऱ्यानं घर दिलं. चांगल्या कडक लाकडाचं, बारा खांबांचं, वर भात साठवायला माळा. ते ठेवायला जागा हवी होती. तेव्हा वस्तीच्या तोंडाशी असलेल्या नारळीच्या बागेचा मालक पाद्दाई म्हणाला, "ठेव माझ्या नारळींखाली. नारळ पडला तर तुझा, डोकं फुटलं तर तेही तुझं." झाला करार. त्याला एकतीस वर्षं झाली. पाद्दाई मधल्या काळात मक्केला जाऊन हाजी झाले, पांढरी टोपी घालू लागले, आणि नारळ पडत राहिले.

मग रस्ता आला. आला म्हणजे तो येणार ही बातमी आली. प्रत्यक्षात आले ते लाल रंग लावलेले खुंट. लोकांनी त्यांना लगेच म्हशी बांधल्या, त्यामुळे खुंटांचा उपयोग नाही असं कुणाला म्हणता येईना. पण खुंटांच्या मागून शहरातला एक दलाल आला. त्याच्याकडे भिंतीवर लाल ठिपका पाडून अंतर सांगणारं यंत्र होतं. तो वस्तीत हिंडून कुणाच्या नारळीवर, कुणाच्या गोठ्यावर, कुणाच्या पोटावर ठिपका पाडे आणि मीटर सांगे. त्याच्याबरोबर एक नवा शब्दही वस्तीत आला : मोकळी जागा. तोवर लाजारेत मोकळी जागा म्हणजे पतंग उडवायची, नाहीतर भात वाळत घालायची जागा. आता मोकळी जागा म्हणजे जिथं काही नाही म्हणून जिची किंमत जास्त, अशी जागा. हे समजायला लोकांना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून सगळे आपापल्या अंगणाकडे डोळे बारीक करून बघायला लागले.

चौथ्या आठवड्यात हाजी पाद्दाई तीन पपया घेऊन नुहुंगकडे आले. एक पपई असती तर भेट म्हणता आली असती. तीन पपया बघून नुहुंगची बायको सेन्नांग स्वयंपाकघरातच थांबली, कारण तिथून सगळं ऐकू येत होतं.

हाजी तळ्याच्या पाण्याबद्दल बोलले. बदकांच्या रोगाबद्दल बोलले. जावयाच्या मोटरसायकलबद्दल बरंच बोलले. कॉफी संपली, दुसरी आली. मग वर बघत म्हणाले,

"नारळी म्हाताऱ्या झाल्या, नुहुंग."

"आपणही झालो, हाजी."

"आपण कुणाच्या डोक्यावर पडत नाही."

"अजून तरी नाही."

"परवा तुझ्या पत्र्यावर एक पडला म्हणे."

"एकतीस वर्षं पडतायत."

"तेच म्हणतो मी. मला झोप लागत नाही. तुमची काळजी वाटते."

आतून सेन्नांगचा आवाज आला, "हाजी, पूर्वी तर तुम्हाला छान झोप लागायची! घोरणं इथवर ऐकू यायचं."

हाजी हसले. उठले. शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून, पाठमोरेच म्हणाले, "कापणी झाली की माणसं मोकळी असतात. खांद्यांची कमी पडत नाही."

ही घर हलवायची नोटीस होती. लाजारेत याहून स्पष्ट बोलणं म्हणजे भांडण समजतात. नुहुंगनं पपया कापल्या. गोड होत्या, हे त्यालाही कबूल करावं लागलं.

कापणीला तीन महिने होते. पूर्वी तीन महिने फार झाले असते. पूर्वी नुसतं मशिदीच्या पायरीवर बसून म्हटलं असतं, की घर हलवावं म्हणतोय, तर चार जणांनी आपापला कोपरा दाखवला असता. आता नुहुंग पायरीवर बसला आणि तेच म्हणाला, तेव्हा सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. ज्यांची घरं त्यानं दोनदा हलवली होती ती माणसंसुद्धा भेटली की म्हणत, "दाएंग, जागा काय, तुमचीच आहे. पण मोजणी व्हायची आहे ना. कागद हातात येऊ दे." दाएंग म्हणजे थोरला भाऊ. वस्तीतली तरणी माणसं त्याला याच नावानं हाक मारत, आणि इथल्या रीतीप्रमाणे बायकोही. एवढ्या धाकट्या भावांत एकाकडेही बारा खांबांपुरती जमीन निघेना.

सेन्नांगची बहीण तळ्याकाठी राहायची. तिनं आपणहून जागा देऊ केली. जागा छान होती, फक्त वर्षातले चार महिने पाण्याखाली असायची.

"घर खांबांवर आहे," नुहुंग म्हणाला. "पाणी खालून जाईल."

"आणि मी कुठून जाऊ?"

"होडी आहे."

"दाएंग," सेन्नांग म्हणाली, "एकतीस वर्षं तुमच्याबरोबर काढली. तुम्ही म्हणाल तिथे राहिले. पण मी बदक नाही."

तो विषय तिथे संपला.

घरी त्यावर फार बोलणं होत नसे. पण नुहुंग संध्याकाळी खाली जाऊन एकेका खांबावर हात फिरवी, वाळवी बघतोय असं दाखवत. वाळवी नव्हती. एकशे बारा घरांना त्यानं जागेवर पोचवलं होतं, आणि आपलं एकशे तेरावं कुठे पोचवायचं ते त्याला सांगता येत नव्हतं. शेवटी घर मोडून लाकूड विकायचं आणि शहरात मुलीकडे जाऊन राहायचं, हा एक रस्ता उरला होता. मुलगी तिसऱ्या मजल्यावर राहायची. "तिसरा मजला म्हणजे खांब उंचच आहेत की," असं नुहुंग एकदा म्हणाला. सेन्नांग हसली नाही.

कापणीच्या तोंडावर तहांग आला. तहांग चाळिशीचा, वस्तीतला ट्रॅक्टरवाला, मानेला घाम आणि तोंडाला शिवी कायमची. घर हलवताना पहिल्या बांबूचा पहिला खांदा त्याचा असे. म्हणाला, "दाएंग, व्हॉलीबॉलच्या मैदानामागे माझा तुकडा आहे. अरुंद आहे. एका बाजूला तुमची शिडी उतरली की दुसऱ्याच्या शेतात पाय पडेल. पण दलालाचा ठिपका तिथवर पोचत नाही, म्हणून घरच्यांनी हो म्हटलंय."

"बायको काय म्हणाली?"

"तीच म्हणाली. मी नाही म्हणत होतो. तुमच्या आवाजानं ट्रॅक्टर ऐकू येणार नाही."

जागा ठरली. आता अडचण वेगळीच होती. लाजारेत स्वतःच्या घराला स्वतः हाक देत नाहीत. घराच्या मालकानं त्या दिवशी घरातला दिवा आणि पाण्याचा माठ घेऊन सगळ्यांच्या मागून चालायचं, आणि घर टेकेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. मालक बोलला तर घराला वाटतं, हा काळजीत आहे, आणि ते जड होतं. म्हणून हाक तहांगनं द्यायची ठरली. आठ संध्याकाळी नुहुंगनं त्याला अंगणात उभं करून पंचा शिकवला. उजवीकडे, डावीकडे, आडवा, खाली. तहांगला हाक जमली. पंचा हातात असला की मात्र तो त्यानं मान पुसायचा.

"हा घाम पुसायचा नाही," नुहुंग सांगायचा.

"मग घाम कशानं पुसू?"

"हाक देणाऱ्याला घाम येत नाही."

"तुम्हाला येत नसेल. तुमच्या अंगात आहे काय, पाणी निघायला?"

शुक्रवारी नमाज आटोपून लोक जमले. नुहुंगनं शंभर धरले होते, दीडशे आले. जमीन द्यायला जे लाजले होते ते सगळे खांदा द्यायला आले होते, आणि बाह्या जरा जास्तच वर सारत होते. पांढरी टोपी खिशात घालून हाजी पाद्दाईही आले. सत्तर वर्षांचे. लोक म्हणाले, हाजी, तुम्ही बसा. हाजी म्हणाले, "मी बसलो तर लोक म्हणतील, हाजीनं घर हाकललं. मी खांदा दिला तर म्हणतील, हाजीनं घर पोचवलं." आणि त्यांनी तिसऱ्या बांबूखाली जागा घेतली.

तहांगनं हाक दिली. बारा खांब दगडांवरून सुटले. एकतीस वर्षांनी त्या दगडांना ऊन लागलं, आणि खालून सेन्नांगची हरवलेली एक चप्पल, एक चमचा आणि कुणाच्या तरी लहानपणचा भोवरा निघाला. घर नारळींखालून बाहेर आलं आणि वस्तीच्या वाटेला लागलं. मागून नुहुंग, एका हातात दिवा, काखेत माठ, तोंड मिटलेलं. त्याच्या मागे बायका, आणि बायकांत सुपात लाह्या घेतलेली इंडो बेच्चे. वय नव्वद, नजर हातभर.

वाट सरळ होती. वाटेवर मध्यावर मशीद, आणि मशिदीला लागून हाजी पाद्दाईंचा आणखी एक तुकडा. हा तुकडा म्हणजे हाजींचं स्वप्न. रस्ता झाला की इथे चार गाळ्यांची दुमजली दुकानं बांधायची, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून तो त्यांनी झाडझूड काढून, कुंपण घालायच्या बेतात, अगदी मोकळा ठेवला होता.

नुहुंगनं बुधवारी सगळी वाट चालून, फांद्या छाटून, मापं घेऊन पाहिली होती. गुरुवारी कुणीतरी येऊन मशिदीपाशी वाटेवरून आडवी इंटरनेटची तार ओढून गेलं. बुधवारच्या मापात ती नव्हती. घर मशिदीशी आलं आणि माळ्याचा कोन तारेला भिडला.

"थांबा!" तहांग ओरडला.

दीडशे माणसं थांबली. तार कुणी म्हणालं कापा, कुणी म्हणालं उचला. जो कापा म्हणाला त्याच्याकडे फोन नव्हता. एक जण बांबू घेऊन तार उचलायला गेला तर ती घराच्या पत्र्यात जास्तच अडकली. खांदे जळायला लागले. वाटेतच थांबावं, तर दाटीत टेकू सारायला जागा नव्हती. तहांगनं पंचा डावीकडे झुलवला : डावीकडची मोकळी जागा, हाजींची, तिथे वळवून जरा विसावू. बरोबर होतं. नुहुंगनंही तेच केलं असतं. घर वळलं, हाजींच्या तुकड्यात शिरलं, टेकूवाले पुढे धावले.

आता पंचा आडवा ताणून धरायचा होता.

तहांगच्या डोळ्यांत घाम गेला होता. त्यानं पंच्यानं तोंड पुसलं, मान पुसली, तारवाल्याच्या आईबापांचा उद्धार केला आणि वैतागून पंचा जमिनीवर आपटला.

मागे नुहुंगला हे दिसत होतं. पंचा हातातून सुटण्याआधीच त्याला कळलं होतं. दोन श्वासांचा वेळ होता. त्या दोन श्वासांत त्याची एक हाक दीडशे खांद्यांना जागच्या जागी गोठवू शकली असती. त्याचं तोंड मिटलेलं राहिलं. मालकानं बोलायचं नसतं.

पंचा जमिनीवर पडला आणि घर पोचलं. बारा खांब एकदम मातीवर टेकले, असे सुरेख, एका आवाजात, की नुहुंगच्या एकशे बारांतही इतकं सुरेख घर टेकलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दीडशे माणसांनी "हाऽऽ" केलं. त्यातलं सगळ्यांत मोठं हाजींचं होतं. सेन्नांगनं सवयीनं पुढे होऊन मधल्या खांबावर हात ठेवला. आणि इंडो बेच्चेनं, हातभर नजरेत जेवढं दिसलं तेवढं बघून, सुपातल्या सगळ्या लाह्या खांबावर उधळल्या.

मग लोक खांदे काढून बाहेर आले.

"अरे, ही तर..." कुणीतरी म्हणालं.

"टेकू कुठायत?" दुसरा म्हणाला.

"लाह्या पडल्या का?" तिसऱ्यानं विचारलं.

"पडल्या ना!" इंडो बेच्चे म्हणाली. "चांगल्या मूठमूठ टाकल्या. का? कमी पडल्या?"

सगळ्यांनी हाजींकडे पाहिलं. हाजी खांदा चोळत घराकडे बघत होते. त्यांच्या चार गाळ्यांपैकी अडीच गाळ्यांवर नुहुंगचं घर उभं होतं, आणि ते तिथे आणताना तिसऱ्या बांबूखाली ते स्वतः होते. त्यांनी खिशातून टोपी काढली, झटकली, डोक्यावर घातली आणि म्हणाले, "मासा गार होईल. जेवून घ्या."

जेवणं झाली. बायकांनी स्वयंपाक पुढे मैदानामागे मांडला होता, तिथून पातेली इकडे आणली.

पुढच्या शुक्रवारी हाजींनी लोकांना सहज विचारून पाहिलं, घर उचलून पुढे न्यायचं का. लाह्यांचं सगळ्यांना ठाऊक होतं, पण म्हटलं, चूकच होती, चुकीच्या लाह्या मोजायच्या का. त्या महिन्यात वस्तीत तीन लग्नं ठरलेली होती, आणि कुणालाच प्रयोग करायचा नव्हता. दलाल म्हणाला, शहरातून क्रेन मागवू. क्रेन वस्तीबाहेरच्या पुलापर्यंत आली. पुलावर पाटी होती, पाच टनांवर बंदी. क्रेनवाल्यानं पाटी वाचली, पुलाकडे पाहिलं, खालच्या बदकांकडे पाहिलं आणि जेवून परत गेला. जेवण हाजींकडेच झालं.

मग हाजी रोज येऊ लागले. नुहुंग जागेत काही लावतो की काय, हे बघायला. दिवसभर बघायचं म्हणजे ऊन लागतं, आणि त्या तुकड्यावरची सगळी झाडं त्यांनी स्वतः काढली होती. सावली एकच होती, नुहुंगच्या घराखालची. हाजी तिथे उभे राहू लागले. मग एक पाट आणून बसू लागले. सेन्नांग वरून कॉफी देई.

एकदा हाजी म्हणाले, "वरचं घर तुझं, नुहुंग."

"हो."

"खालची जमीन माझी."

"अर्थात."

"मग मधली सावली कुणाची?"

नुहुंग बोटांवर मोजू लागला. "सकाळी ती वाटेवर पडते, तेव्हा वस्तीची. दुपारी खाली असते, तेव्हा तुमची. संध्याकाळी मशिदीच्या भिंतीवर जाते, तेव्हा अल्लाची. माझ्याकडे कधी येते ते मला दिसलं नाही."

हाजींनी पाटाच्या जागी बाकडं आणलं. नमाजाला येणारे आधी आणि नंतर तिथे टेकू लागले. टेकल्यावर माणसाला काहीतरी खावंसं वाटतं, म्हणून सेन्नांगनं खाली चूल मांडली आणि ठेचलेली केळी तळायला लागली. हाजींना चार दुकानं हवी होती. एक मिळालं. बिनभिंतींचं आणि दुसऱ्याचं.

मोजणीवाले आले ते याच दिवसांत. साहेब तरुण, हातात कागदांचा फळा. हाजींच्या जागेचे चार कोपरे त्यानं मोजले आणि बाकड्याशी येऊन विचारलं, "या जमिनीवर काय आहे?"

"घर," हाजी म्हणाले.

"तुमचं?"

"नाही."

"भाडेकरूचं?"

"भाडं कसलं?"

"मग अतिक्रमण?"

हाजी ताडकन उठले. "अतिक्रमण काय म्हणतोस? मी स्वतः खांद्यावर आणून ठेवलंय!"

साहेबानं फळ्यावरचा कागद वरून खाली दोनदा वाचला. खांद्यासाठी त्यात रकाना नव्हता. त्यानं एक केळं खाल्लं, दुसरं खाल्लं, बारा लाकडी खांबांकडे पाहिलं आणि "जमिनीवर काय आहे" याच्यापुढे लिहिलं : झाडं.

लाह्यांचं वर्ष संपलं तो शुक्रवार नुहुंगनं मनात मोजून ठेवला होता. हाजींनीही ठेवला असणार. वस्तीनं तर नक्कीच. त्या दिवशी नमाजानंतर लोक बाकड्यापाशी रेंगाळले, उगाच खांदे फिरवत. व्हॉलीबॉलच्या मैदानामागचा तुकडा अजून तसाच होता. तहांगनं तर लाल पंचाही आणला होता, आणि घामासाठी दुसरा वेगळा. दलालही आला होता. त्यानं हाजींना विचारलं, "मग हाजी, जागा आज मोकळी होते का?"

हाजींनी बाकड्यावर मांडी नीट घातली. "मोकळी कुठाय? मी बसलोय ना."

लोक हसले, आणि पाच मिनिटांत पांगले. दलालही गेला. बाकड्यावर दोघंच उरले. नुहुंगनं हातातला पेला खाली ठेवला. वर्षभर जे गिळून ठेवलं होतं ते आज बाहेर काढल्याशिवाय केळं जाणार नव्हतं.

"हाजी, त्या दिवशी मला दिसलं होतं. तहांग घाम पुसतोय, ते. मी हाक दिली असती तर घर थांबलं असतं. मालकानं बोलू नये म्हणतात, पण एकदा पुलावर एका मालकाला मी स्वतः बोलू दिलं होतं. माणसं चिरडली असती म्हणून. तसं मलाही बोलता आलं असतं. मी बोललो नाही."

हाजींनी केळं ठेच्यात बुडवलं. सावकाश खाल्लं.

"चौतीस वर्षं तुझ्या पंच्याखाली घरं उचलतोय, नुहुंग," ते म्हणाले. "पोचलं म्हणून टाकलेला पंचा आणि वैतागून आपटलेला पंचा, यातला फरक मला कळत नाही असं वाटतं तुला?"

नुहुंगनं खाली ठेवलेला पेला परत उचलला.

"कळला होता. मी ओरडलो असतो तर तिसरा बांबू थांबला असता, आणि तिसरा थांबला की सगळे थांबतात. जागाही माझी होती." हाजींनी बोटं चाटली. "पण खांदाही माझाच होता. आणि फार दुखत होता रे."

वर सेन्नांग भांडी धूत होती. फळ्यांच्या फटीतून पाण्याची एक धार हाजींच्या टोपीवर पडली.

"हाजी, जरा सरकून बसा!" ती वरून ओरडली.

आणि हाजी पाद्दाई आपल्या जमिनीवर हातभर सरकून बसले.